चिती आणि मन्शूर

मुलांनो, तुम्ही गणित उर्दूतून शिकता आणि मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. त्यामुळे एकाच गोष्टीची दोन दोन नावे तुम्हांला लक्षात ठेवावी लागतात. 'रकबा' म्हणजे क्षेत्रफळ, 'बुलंदी' म्हणजे उंची, 'हजम' म्हणजे घनफळ. काही मुलांना हे दुप्पट ओझे वाटते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. मला मात्र वाटते, की दोन नावे असली तर पुष्कळदा फायदाच होतो. एक नाव त्या वस्तूची एक बाजू दाखवते आणि दुसरे नाव दुसरी. कधी कधी गंमतही होते. मराठीत 'पैसे हजम केले' म्हणजे पैसे गिळून टाकले. उर्दूत तो 'हज्म' छोटी हे आणि ज्वादने लिहितात आणि घनफळाचा 'हजम' बडी हे आणि जीमने लिहितात. पण मराठीच्या कानाला दोन्ही सारखेच! हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज ज्या जोडीविषयी बोलायचे आहे, ती आहे 'मन्शूर' आणि 'चिती'. ज्या घनाकृतीची दोन टोके अगदी सारखी, समोरासमोर आणि समांतर असतात, आणि मधला सगळा भागही त्याच आकाराचा असतो, तिला उर्दूत मन्शूर म्हणतात आणि मराठीत चिती. तुमच्या दप्तरातली नवी, टोक न केलेली षटकोनी पेन्सिल ही चिती आहे. आगपेटी चिती आहे. टोक केलेली पेन्सिल मात्र चिती नाही. तिचे एक टोक निमुळते झाले.

आता शब्द पाहा. मन्शूर हा अरबी शब्द आहे. तो ज्या क्रियापदावरून आला, त्याचा एक अर्थ आहे करवतीने कापणे. म्हणजे मन्शूर ही 'कापलेली' वस्तू. ग्रीक भाषेतही या आकाराचे नाव याच अर्थाचे होते आणि इंग्रजीतले 'प्रिझम' तिथूनच आले. (त्याच अरबी क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे पसरवणे, जाहीर करणे. म्हणून निवडणुका आल्या की उर्दू वर्तमानपत्रांत पक्षांचे 'मन्शूर' छापून येतात. त्या मन्शूरचे घनफळ काढायला मी तुम्हांला सांगणार नाही!)

चिती हा शब्द संस्कृत आहे आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. चिती म्हणजे रचलेली वस्तू. इष्टिका म्हणजे वीट, म्हणून इष्टिकाचिती म्हणजे विटा रचून झालेला आकार. फार प्राचीन काळी भारतात यज्ञासाठी विटांच्या वेदी रचत. त्यांतली एक वेदी पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची असे. तिला श्येनचिती म्हणत. एका थरात २०० विटा, असे ५ थर, म्हणजे १,००० विटा. जमिनीवर पक्ष्याचा जो आकार आखला, तोच आकार प्रत्येक थरात राही. पक्ष्याच्या तळाची चिती! आपण मात्र पुस्तकातला चौकोनी खोका सोडून दुसरी चिती डोळ्यांपुढे आणत नाही.

एका भाषेने करवत हातात घेतली, दुसरीने विटा घेतल्या. दोघींनी सांगितले एकच.

वर्गात मी हे असे करून दाखवते. वीस सारख्या वह्या एकावर एक ठेवते. एका वहीच्या मुखपृष्ठाचे क्षेत्रफळ समजा ३०० चौरस सेंटिमीटर आहे, आणि गठ्ठ्याची उंची १२ सेंटिमीटर. ३०० चौरस सेंटिमीटरचा, १ सेंटिमीटर जाडीचा एक थर घेतला, तर त्यात ३०० घनसेंटिमीटर कागद मावतो. असे १२ थर. मग एकूण ३,६०० घनसेंटिमीटर. ही झाली चिती. नंतर मी कपडे धुण्याच्या साबणाचा लांब बार आणते आणि दोऱ्याने त्याचे काप करते. कुठेही कापा, कापाचे तोंड तेवढेच. ते झाले मन्शूर. वह्यांमध्ये आपण थर चढवले, साबणात थर सोडवले. दोन्हीकडे हिशोब एकच आहे :

घनफळ = तळाचे क्षेत्रफळ × उंची.

हे सूत्र सांगितले की मुले लगेच म्हणतात, "टीचर, हे तर येते आम्हांला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची." पाठांतर चोख असते. मग मी फळ्यावर एक तंबू काढते. तंबूचे तोंड त्रिकोणी आहे. तोंडाची रुंदी २ मीटर, मध्यभागी उंची दीड मीटर आणि तंबू ३ मीटर लांब आहे. मुले २, दीड आणि ३ यांचा गुणाकार करून ९ घनमीटर उत्तर देतात. मी विचारते, "९ घनमीटर हवा कोणत्या आकाराच्या खोलीत मावेल?" थोडा वेळ शांतता. मग कोणीतरी म्हणते, "खोक्यात." अगदी बरोबर. तो खोका झाला, तंबू नव्हे. तंबूच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर जी मोकळी जागा आहे, तीही आपण मोजली.

इथे खरी अडचण आकड्यांची नसते, 'तळ' या शब्दाची असते. मुलांना वाटते, तळ म्हणजे जे जमिनीला टेकले आहे ते. तंबू चटईएवढ्या चौकोनी जागेवर टेकलेला असतो. पण त्या चौकोनाचे थर चढवत गेलो तर तंबू होत नाही, कारण वर जाताना थर अरुंद होत जातो. आता तंबू मनातल्या मनात साबणासारखा कापा. तोंडाशी समांतर कापलात तर प्रत्येक काप तोच त्रिकोण. तोच त्याचा तळ! त्याचे क्षेत्रफळ, दोनाचे अर्धे गुणिले दीड, म्हणजे दीड चौरस मीटर. आणि ३ मीटर लांबी ही त्याची 'उंची'. घनफळ साडेचार घनमीटर. चिती आडवी झोपली तरी चितीच असते. फक्त तिचा तळ आपल्याला शोधावा लागतो. उर्दूत तळाला 'काइदा' म्हणतात. मराठीतला 'कायदा' म्हणजे कानून, तो याच अरबी शब्दावरून आला आहे. कायदा सापडला की पुढचे सगळे त्याप्रमाणे चालते, असे मी वर्गात म्हणते आणि मुले हसतात.

ही विद्या काही नवी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त खड्ड्यांचे हिशोब आहेत, विटांच्या चितीचे आहेत, करवतीने लाकूड कापण्याचे आहेत आणि धान्याच्या राशीचेही आहेत. चितीच्या प्रकरणात आधी सगळ्या चितीचे घनफळ काढायचे, मग त्याला एका विटेच्या घनफळाने भागायचे. विटा किती लागतील ते कळते. गवंडी आजही हेच करतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तिथल्या देवळात इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद त्यावर आहे. आणि याच 'लीलावती'चे अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये फारसीत भाषांतर केले. तो फैजी म्हणजे अबुल फजलचा भाऊ, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकातला. एका भाषेतला हिशोब दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम आपल्याकडे असे फार जुने आहे.

आता वाळूची गोष्ट सांगते. २००३ साल होते. मी आठवीत होते. आम्ही मालेगावात राहत होतो आणि अब्बा यंत्रमागावर काम करत. घरात माणसे वाढली होती, म्हणून मागच्या बाजूला एक खोली बांधायचे ठरले. अम्मीने काही वर्षे थोडे थोडे बाजूला ठेवले होते. बांधकाम माझे मामू करणार होते. मामू गवंडी. त्यांची शाळा चौथीतच सुटली होती.

दोन ब्रास वाळू सांगितली. ब्रास हे माप आपल्या महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम, दगड यांसाठी चालते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे दोन ब्रास वाळू २०० घनफूट भरायला हवी. सकाळी ट्रक आला. मागचा फाळका वाळूने काठोकाठ भरलेला दिसत होता. ड्रायव्हर घाईत होता. तो फाळका उघडायला निघाला, तेव्हा मामू म्हणाले, "थांबा दादा, मी एकदा बघतो." आणि ते चाकावर पाय ठेवून वर चढले.

मुलांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वाळू खाली ओतली की तिचा ढीग होतो. ढिगाला ना सरळ कड, ना सारखी उंची. मग ती मोजणे अवघड. ट्रकच्या हौद्यात असते तोपर्यंतच तिला आकार असतो. जो माल मोजायचा, तो खाली पडायच्या आत मोजायचा, हे मामूंना शाळेने नव्हे, कामाने शिकवले होते.

मामूंनी लोखंडी गज वाळूत तळापर्यंत खुपसला आणि टेप लावला. फाळक्याजवळ वाळू ३ फूट ४ इंच होती. मग ते पुढे केबिनकडे गेले. तिथे गज खुपसला, तर १ फूट ८ इंच. वाळू मागून पुढे उतरती भरली होती. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फक्त मागची बाजू दिसते! हौदा आतून १० फूट लांब आणि ६ फूट रुंद होता. मामूंनी मला वरून आकडे सांगितले आणि मी वहीत लिहिले.

आता तुम्हीच पाहा. हा खोका नाही. लांबी, रुंदी, उंची गुणायला जाल, तर कोणती उंची घ्याल? ट्रकवाला म्हणेल, ३ फूट ४ इंच. तशी घेतली तर १० गुणिले ६ म्हणजे ६० चौरस फूट, आणि ते गुणिले ३ फूट ४ इंच, बरोबर २०० घनफूट. दोन ब्रास! त्याचे बोलणे कागदावर खरे ठरते. पण बाजूने पाहिले, तर वाळूचा आकार समलंब चौकोनासारखा दिसतो. एक उभी बाजू मोठी, एक लहान. ट्रकच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत हाच समलंब चौकोन सरकत जातो. म्हणजे ही चितीच आहे, फक्त कुशीवर झोपलेली. तिचा तळ जमिनीकडे नाही, ट्रकच्या बाजूच्या फळीला टेकलेला आहे. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढायला समांतर बाजूंची बेरीज करतात : ३ फूट ४ इंच आणि १ फूट ८ इंच, झाले ५ फूट. तिचे अर्धे अडीच. गुणिले त्या दोन बाजूंमधले अंतर १० फूट, म्हणजे २५ चौरस फूट. आणि चितीची उंची म्हणजे हौद्याची रुंदी, ६ फूट. २५ गुणिले ६, म्हणजे १५० घनफूट.

मी वहीत १५० लिहिले, तेवढ्यात मामूंनी वरूनच सांगितले, "डेढ ब्रास." त्यांनी समलंब चौकोन हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांनी मनात मागची उंच वाळू पुढे ढकलली, सगळीकडे सारखी केली आणि अडीच फूट धरली. माझे सूत्र आणि त्यांचे फावडे एकाच ठिकाणी पोचले.

ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, गाडी दोन ब्रासचीच आहे. कुणालाही विचारा."

मामू म्हणाले, "गाडी दोन ब्रासची आहे, दादा. माल दीड ब्रासचा आहे."

बराच वेळ बोलाचाली झाली. शेजारचे लोक जमले. मामू घरी आमच्याशी उर्दूत बोलत, पण कामामुळे त्यांचे मराठी पक्के होते, आणि त्या दिवशी सगळे बोलणे मराठीतच झाले. अब्बा फारसे बोलत नसत. ते माझी वही हातात धरून उभे होते. शेवटी ड्रायव्हरने मालकाला विचारून दीड ब्रासचे पैसे घ्यायचे कबूल केले. चौथा हिस्सा पैसे वाचले. अर्ध्या ब्रासचा हजम कोणीतरी हजम करणार होते, ते टळले! पण खरे सांगायचे तर त्या व्यापाऱ्याने पुन्हा आमच्याकडे वाळू पाठवली नाही. राहिलेली वाळू दुसरीकडून आणावी लागली आणि काम आठ दिवस थांबले. अम्मीला त्या आठ दिवसांचा त्रास झाला, कारण सामान सगळे अंगणात होते. तरी तिने ती वही रद्दीत जाऊ दिली नाही.

बांधकामावर अशा चिती पावलोपावली भेटतात. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीत साधारण ३५ लिटर सिमेंट असते. म्हणून तेवढीच वाळू मोजता यावी यासाठी ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच असे लाकडी किंवा लोखंडी माप करतात. गुणाकार करून पाहा, ३५,००० घनसेंटिमीटर येतात. १,००० घनसेंटिमीटर म्हणजे १ लिटर. घमेल्याने अंदाजे टाकलेली वाळू आणि या मापाने टाकलेली वाळू यांत फरक पडतो, आणि तो फरक पुढे भिंतीत दिसतो.

पाऊससुद्धा चितीनेच मोजतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? वर्तमानपत्रात येते, 'अमुक ठिकाणी २० मिलिमीटर पाऊस.' पाण्याची मापे लिटरमध्ये असतात, मग पाऊस मिलिमीटरमध्ये कसा? कारण ती चितीची नुसती उंची आहे. तळ तुम्ही घ्यायचा. पाणी वाहून गेले नसते, मुरले नसते, तर जमिनीवर एवढ्या जाडीचा थर साठला असता. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १०० चौरस मीटरची एक साधी गच्ची घ्या. तिच्यावर त्या एका दिवसात ९४,४०० लिटर पाणी पडले. १०,००० लिटरचे नऊ टँकर भरून वर उरते. एका गच्चीवर एवढे, तर सगळ्या शहराचे काय झाले असेल? आणि गच्ची चौकोनीच हवी असे नाही. ती काटकोनात वळलेली असो, गोल असो, श्येनचितीसारखी पक्ष्याच्या आकाराची असो. तिचे क्षेत्रफळ कळले की पुरे.

प्रत्येक भांडे मात्र चिती नसते. बादली पाहा. वर रुंद, खाली अरुंद. कापत गेलात तर प्रत्येक काप वेगळा. तिथे आपले सूत्र लावायचे नाही. परीक्षेत घाईघाईने सूत्र लिहिण्याआधी एवढेच विचारा, कुठेही कापले तरी काप सारखा येतो का?

गेल्या वर्षी वह्यांचा गठ्ठा रचून दाखवत असताना एका मुलीने हात वर केला. गप्प बसणारी मुलगी, नेहमी शेवटच्या बाकावर बसते. ती पुढे आली आणि तिने गठ्ठा एका बाजूने हलकेच ढकलला. वह्या पायऱ्यांसारख्या सरकल्या, गठ्ठा तिरका झाला. सगळ्यांत वरची वही तळाच्या वहीपासून ५ सेंटिमीटर पुढे गेली. तिने तिरक्या कडेवर पट्टी ठेवली आणि म्हणाली, "टीचर, आता तर १३ सेंटिमीटर आले. मग हजम ३,९०० झाला का?"

वर्गात दोन तट पडले. काही जण म्हणाले, पट्टी खोटे बोलत नाही. काही म्हणाले, वह्या तर वीसच आहेत. मी काही बोलले नाही. त्या मुलीनेच वह्या मोजल्या. वीसच होत्या. मग ती पुटपुटली, "३०० घनसेंटिमीटर कागद जास्त आला कुठून?" तिने पट्टी उचलली. या वेळी ती कडेला न लावता बाकावर सरळ उभी धरली, गठ्ठ्याच्या बाजूला, बाकाशी काटकोनात. वरच्या वहीच्या पातळीला डोळा नेला.

१२ सेंटिमीटर आले.